कबड्डीचे प्रमाणीकरण

कबड्डीचे प्रमाणीकरण म्हणजे भारतीय उपखंडात निरनिराळ्या नावांनी व निरनिराळ्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या हुतूतूसारख्या खेळांतून स्पर्धेसाठी एकच सर्वमान्य खेळ घडवण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झालेली ही प्रक्रिया आजही पूर्णपणे थांबलेली नाही. संजीवनी, गामिनी आणि अमर या तीन प्रमुख प्रकारांपैकी संजीवनी हा प्रकार स्पर्धांसाठी स्वीकारला गेला आणि 'कबड्डी' या नावाने तो आशियाई क्रीडास्पर्धांपर्यंत पोहोचला. उरलेले दोन प्रकार महाराष्ट्रातील स्पर्धांच्या मैदानावरून मागे पडले.

प्रमाण ठरलेला प्रकार इतरांपेक्षा अधिक जुना किंवा अधिक अस्सल होता, असे म्हणण्यास आधार नाही. एकमेकांना न ओळखणारे दोन संघ, परक्या गावचा पंच आणि ठरावीक वेळ या तीन अटी ज्या प्रकारात सर्वांत सुलभपणे पाळता येतात, तो प्रकार टिकला. पुणे जिल्ह्यातील आंदर मावळासारख्या ग्रामीण भागातील खेळाडूंच्या दृष्टीने या निवडीला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण गावच्या पटांगणापासून राज्याच्या संघापर्यंतचा मार्ग याच एका नियमावलीतून जातो.

## पार्श्वभूमी

एका बाजूचा गडी दम धरून, ठरावीक शब्द उच्चारत प्रतिपक्षाच्या हद्दीत जातो, कोणाला तरी शिवतो आणि दम तुटण्यापूर्वी आपल्या हद्दीत परततो, हा या खेळाचा गाभा आहे. तो उपखंडात सर्वत्र सारखा आढळतो. नावे मात्र प्रांतोप्रांती वेगळी आहेत. महाराष्ट्रात तो हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळ प्रदेशात चडुगुडु किंवा सडुगुडु आणि उत्तर भारतात कबड्डी या नावाने ओळखला जात असे. खेळाडू दम धरताना जो शब्द उच्चारत, तोच बहुधा खेळाचे नाव होऊन बसला.

गावपातळीवरच्या खेळाला लेखी नियमांची गरज नव्हती. मैदान उपलब्ध जागेएवढे असे. जमलेल्या गड्यांची दोन समान भागांत वाटणी होई. ते पाच असोत वा अकरा, खेळ अडत नसे. वाद निर्माण झाल्यास गावातील जाणती माणसे निवाडा करीत आणि तो मान्य होई, कारण खेळणारे, निवाडा करणारे व पाहणारे एकाच गावचे असत. अडचण येई ती दोन गावांचे संघ समोरासमोर उभे राहिल्यावर. एका गावात मेलेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच उठत असे, तर शेजारच्या गावात तो डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी योग्यच होत्या; एका मैदानावर मात्र त्या एकत्र नांदू शकत नव्हत्या.

## खेळाचे तीन प्रकार

बाद झालेल्या गड्याचे पुढे काय होते, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून या खेळाचे तीन प्रमुख प्रकार पडतात.

गामिनी. बाद झालेला गडी आपल्या संघाचे सर्व गडी बाद होईपर्यंत बाहेर बसतो. संपूर्ण संघ बाद केल्यावरच प्रतिपक्षाला एक गुण मिळतो आणि डाव नव्याने सुरू होतो. असे पाच किंवा सात गुण प्रथम मिळवणारा संघ विजयी ठरतो. सामन्याला वेळेचे बंधन नसते.

संजीवनी. बाद झालेला गडी बाहेर जातो, पण त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की तो पुन्हा मैदानात येतो. प्रत्येक बाद गड्यामागे एक गुण मिळतो. सर्व गडी बाद झाल्यास 'लोण' चढते व त्याचे वेगळे गुण मिळतात. सामना ठरावीक वेळ चालतो.

अमर. बाद झालेला गडी मैदान सोडत नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि खेळ तसाच पुढे चालू राहतो. निकाल वेळ संपल्यावर गुणांच्या बेरजेने लागतो.

### एकाच खेळाचे तीन निकाल

नियमांतील हा फरक किती खोल आहे, हे एका काल्पनिक सामन्यावरून ध्यानात येते. प्रत्येकी सात खेळाडूंचे 'क' आणि 'ख' हे दोन संघ खेळत आहेत, असे मानू. प्रथम 'क' संघाने 'ख'चे तीन गडी बाद केले. त्यानंतर 'ख' संघाने 'क'चे सातही गडी एकामागून एक बाद केले. शेवटी 'क' संघाने 'ख'चे पाच गडी बाद केले आणि वेळ संपली.

अमर प्रकारात केवळ बाद गड्यांची बेरीज होते. 'क'चे आठ व 'ख'चे सात गुण होतात आणि 'क' विजयी ठरतो. संजीवनीत 'ख'ला सात गुणांशिवाय लोणाचे दोन गुण मिळतात, म्हणून 'ख' नऊ विरुद्ध आठ असा जिंकतो. गामिनीत 'ख'च्या नावावर संपूर्ण संघ बाद केल्याचा एक गुण लागतो, 'क'च्या नावावर एकही लागत नाही आणि सामना संपलेलाच नसतो.

मैदानावर घडलेल्या घटना तिन्ही वेळा त्याच आहेत. निकाल मात्र तीन आहेत. त्यामुळे सामन्यापूर्वी प्रकार ठरलेला नसेल, तर पराभूत संघ 'आमच्याकडे असे खेळत नाहीत' असे म्हणू शकतो, आणि ते खोटेही नसते. प्रमाण नियमावलीचे पहिले काम ही पळवाट बंद करणे हे आहे.

## इतिहास

नियम एकत्र करण्याचे पहिले संघटित प्रयत्न १९१८ ते १९२३ या काळात महाराष्ट्रात व बडोद्यात झाले. या प्रयत्नांत संजीवनी आणि गामिनी या दोन प्रकारांचा मेळ घालण्यात आला. १९२३ मध्ये नियम छापील स्वरूपात आले व त्याच वर्षी त्या नियमांनुसार बडोद्यात अखिल भारतीय पातळीवरील स्पर्धा भरवण्यात आली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचा या कामाशी निकटचा संबंध होता. १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना निश्चित रूप देण्याचे काम पुढे नेले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. १९३८ मध्ये कोलकाता येथील भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत या खेळाचा समावेश झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघाची स्थापना झाली, १९५२ मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रास (आताचे चेन्नई) येथे आणि १९५५ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कोलकात्यात झाली. या टप्प्यावर 'हुतूतू' हे नाव महाराष्ट्राच्या स्पर्धाविश्वातूनही हळूहळू मागे पडून 'कबड्डी' हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्रात खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचणाऱ्यांमध्ये शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

भारतीय संघाच्या १९७४ मधील बांगलादेश दौऱ्याने हा खेळ संघटित स्वरूपात देशाबाहेर गेला. १९८० मध्ये पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेत खेळाचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंग येथे तो पदकाचा खेळ ठरला. २०१० मध्ये ग्वांगझोऊ येथे महिला कबड्डीचाही समावेश झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने दूरचित्रवाणीच्या सोयीने नियमांत आणखी बदल केले.

## संजीवनीची निवड

तिन्ही प्रकारांचे नियम शेजारी ठेवून पाहिले असता संजीवनीची निवड का झाली, हे स्पष्ट होते.

पहिला मुद्दा वेळेचा. स्पर्धेत एका मैदानावर दिवसभरात अनेक सामने उरकावे लागतात. गामिनीचा सामना कधी संपेल, हे आधी सांगता येत नाही. तुल्यबळ संघ असतील तर तो दीर्घकाळ लांबू शकतो. संजीवनीचा सामना घड्याळावर चालतो. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन डाव व मध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते, त्यामुळे आयोजकाला सामन्यांचे वेळापत्रक आखता येते.

दुसरा मुद्दा खेळाडूंच्या सहभागाचा. गामिनीत आरंभीच बाद झालेला गडी दीर्घकाळ बाहेर बसतो. अमर प्रकारात कोणीच बाहेर जात नाही, परंतु त्यामुळे गडी गमावल्याची झळ संघाला लागत नाही. सात जण सातच राहतात. संजीवनीत बाद होण्याची किंमत मोजावी लागते आणि परत येण्याची संधीही मिळते. तीन गड्यांवर आलेला संघ दोन चांगल्या पकडी करून पुन्हा पाचांवर जाऊ शकतो. संजीवनी हे नावही मेलेला गडी उठवणाऱ्या या नियमावरूनच पडले आहे.

तिसरा मुद्दा नोंदीचा. प्रत्येक बाद गड्यामागे एक गुण असल्यामुळे गुणलेखकाला सामन्याचा क्षणोक्षणीचा हिशेब ठेवता येतो व प्रेक्षकालाही तो समजतो.

निवड एका प्रकाराची झाली, तरी इतर प्रकारांचे काही अंश त्यात शिल्लक आहेत. संपूर्ण संघ बाद करण्याला वेगळे मोल देणारा लोणाचा नियम ही गामिनीच्या मूळ कल्पनेची आठवण म्हणता येईल. पूर्वी मैदानावर प्रत्येकी नऊ खेळाडू असत व लोणाचे चार गुण मिळत. आता सात खेळाडू असतात व लोणाचे दोन गुण मिळतात. प्रमाण ठरलेला प्रकारही स्थिर राहत नाही, हे यावरून दिसते.

## मैदान, वजन आणि दम

प्रमाणीकरण केवळ गुणांपुरते मर्यादित नव्हते. पुरुषांसाठी १३ × १० मीटर आणि महिलांसाठी १२ × ८ मीटर अशी मैदानाची मापे ठरली. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा व तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. चढाई करणाऱ्या खेळाडूने कोणालाही न शिवता निदानरेषा ओलांडली नाही, तर तो बाद होतो. केवळ मध्यरेषेजवळ घुटमळून वेळ काढण्याची सोय या नियमाने नाहीशी केली. दोन्ही बाजूंच्या एक मीटर रुंदीच्या राखीव क्षेत्रात झटापट सुरू झाल्यावरच उतरता येते.

वजनाची अट हाही प्रमाणीकरणाचाच भाग आहे. वरिष्ठ पुरुषांसाठी ८५ किलोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. ही अट नसती, तर पकडीच्या खेळात केवळ वजनाच्या जोरावर निकाल लागण्याचा धोका होता. कनिष्ठ गटांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते.

सर्वांत अवघड प्रश्न दमाचा होता. मूळ खेळात चढाई किती वेळ चालावी, हे खेळाडूच्या छातीवर अवलंबून असे. दम तुटला की नाही, हे ठरवण्याचे साधन म्हणजे पंचाचे कान. परंतु प्रेक्षकांच्या गलक्यात हा निवाडा करणे कठीण होते आणि हलक्या आवाजात चोरून श्वास घेणे हा अनेक वादांचा उगम असे. प्रथम निरनिराळ्या शब्दांच्या जागी 'कबड्डी' हा एकच शब्द मान्य करण्यात आला, जेणेकरून कोणत्याही प्रांतातील पंचाला तो ओळखता यावा. पुढे चढाईला तीस सेकंदांची कालमर्यादा आली. शब्दाचा उच्चार आजही आवश्यक आहे, पण चढाईची लांबी आता मुख्यतः घड्याळ ठरवते. दीर्घ दम हे ज्या खेळाडूंचे खास बळ होते, त्यांच्या हातून या बदलाने एक हत्यार काढून घेतले, असे म्हणता येईल. त्या बदल्यात निवाडा कानाकडून घड्याळाकडे गेला व वादाला जागा कमी उरली.

## स्पर्धेसाठी एकच प्रकार का?

प्रमाण प्रकाराचा आग्रह अनेकदा संघटनांच्या हुकमाने येतो असा समज आहे. प्रत्यक्षात स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनाही एकच प्रकार हवा असतो. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

* सरावाची सार्थकता. चढाईपटू बोनस रेषेवरील पायाची हालचाल किंवा घोट्याची पकड सोडवणे शेकडो वेळा घोटतो. पुढच्या स्पर्धेत बोनस रेषाच नसेल, तर ती मेहनत वाया जाते. नियम स्थिर असले म्हणजेच कौशल्य साठवता येते.
* तुलनेची शक्यता. दोन जिल्ह्यांतील खेळाडूंनी एकाच हंगामात मिळवलेले गुण सारख्याच नियमांनी मिळवले असतील, तरच निवड समितीला त्यांची तुलना करता येते.
* पंचांची अदलाबदल. सरपंच, पंच, गुणलेखक यांना एका नियमावलीचे शिक्षण दिले की ते कोठेही काम करू शकतात. स्थानिक पंचावर पक्षपाताचा संशय येत असेल, तर बाहेरून पंच बोलावता येतो.
* प्रमाणपत्राचे मोल. महाराष्ट्रात शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ मान्यताप्राप्त खेळाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरीलाच मिळतो. शालान्त परीक्षांतील सवलतीच्या क्रीडागुणांनाही हीच अट लागू पडते. गामिनीत कितीही प्रावीण्य मिळवले, तरी त्याची नोंद या चौकटीत होत नाही.

शेवटचा मुद्दा ग्रामीण खेळाडूंच्या बाबतीत निर्णायक ठरतो. पोलीस, रेल्वे, बँका यांनी कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या. मुलाने कोणत्या प्रकारचा खेळ खेळावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ आवडीचा उरला नाही. तो घराच्या चरितार्थाशी जोडला गेला.

## आंदर मावळातील चित्र

आंद्रा नदीच्या खोऱ्याला आंदर मावळ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील हा भाग कान्हे रेल्वे स्थानकाच्या उत्तरेस असून टाकवे बुद्रुक हे येथील प्रमुख गाव आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत लहान गावे व वाड्या पसरल्या आहेत. पाऊस विपुल पडतो व भात हे मुख्य पीक आहे. अशा भागात मैदानी खेळांचा हंगाम शेतीच्या कामांनी ठरतो. भातकापणी, झोडणी आटोपली आणि खाचरे मोकळी झाली की खेळाला जागा आणि सवड दोन्ही मिळतात. पुढे ग्रामदैवतांच्या उत्सवांचे दिवस येतात.

खाचराचा आकार डोंगरउतार ठरवतो. एक खाचर लांबट व अरुंद, तर दुसरे बांधामुळे वाकडे असू शकते. अशा जागेत खेळताना नियम जागेप्रमाणे वाकवावे लागतात, आणि ग्रामीण हुतूतूची लवचीकता येथूनच आली आहे. याउलट प्रमाण मैदानाची मापे सेंटिमीटरपर्यंत ठरलेली असतात. शाळेच्या किंवा तालीम मंडळाच्या पटांगणावर चुन्याच्या रेषा आखल्या गेल्या की गावचा हुतूतू कबड्डी होतो.

शालेय स्पर्धांची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी आहे. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांत या स्पर्धा होतात. आंदर मावळातील एखाद्या शाळेचा संघ तालुक्याचे मुख्यालय असलेल्या वडगाव मावळ परिसरात खेळो वा जिल्हा पातळीवर पुण्यात, त्याला निदानरेषा त्याच अंतरावर व लोणाचे गुण तेवढेच आढळतात. घाटाखालच्या किंवा शहरातल्या संघापुढे तो साधनांच्या बाबतीत उणा असू शकतो. नियमांच्या बाबतीत तो परका नसतो. प्रमाणीकरणाने लहान गावाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. मॅटवरील खेळाने मात्र एक नवे अंतर निर्माण केले आहे. मातीवर अनवाणी खेळलेल्या मुलाला मॅटवर बूट घालून खेळताना पायाचा अंदाज नव्याने बसवावा लागतो, आणि मॅट प्रत्येक गावाला परवडणारी नसते.

### बैलगाडा शर्यतीशी तुलना

प्रत्येक स्पर्धात्मक खेळाचे प्रमाणीकरण होतेच असे नाही, याचे उदाहरण याच परिसरात मिळते. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांत बैलगाडा शर्यत 'घाटा'वर होते. गाड्याच्या पुढे घोडी धावते, एका वेळी एकच गाडा सोडला जातो आणि त्याच्या 'बारी'ला लागलेले सेकंद मोजले जातात. सातारा, सांगलीकडे अनेक गाड्या एकाच वेळी शेजारी-शेजारी धावतात व जो पुढे जाईल तो जिंकतो. दोन्ही पद्धती आपापल्या भागात भक्कम आहेत आणि त्या एक करण्याची निकड भासलेली नाही.

याचे कारण स्पर्धेच्या व्याप्तीत आहे. बैलगाडा शर्यतीला राष्ट्रीय संघ नाही, आंतरराष्ट्रीय सामने नाहीत आणि तिच्या निकालावर शासकीय नोकरी अवलंबून नाही. बक्षीस, मान आणि चर्चा त्या त्या पंचक्रोशीतच राहतात. कबड्डीला पंचक्रोशीबाहेर जायचे होते, म्हणून तिला एका रूपात यावे लागले.

## इतर खेळांतील प्रमाणीकरण

महाराष्ट्रातील खो-खो या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तयार केले. कबड्डीप्रमाणेच येथेही मैदानाचा आकार, खेळाडूंची संख्या आणि डावांची वेळ ठरल्यावरच आंतरप्रांतीय सामने शक्य झाले.

बुद्धिबळाचे उदाहरण अधिक बोलके आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके आणि राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा असे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्यादे आरंभी दोन घरे जाऊ शकते व राजा किल्लेकोट करतो. पंजाबात देशी नियमांवर वाढलेले मीर सुलतान खान यांना इंग्लंडमध्ये खेळण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांची सवय करावी लागली. तरी त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. देशी बुद्धिबळ त्यानंतर घरगुती बैठकींपुरते उरले. येथे प्रमाण बाहेरून आले, कबड्डीत ते येथेच घडले, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद आहे.

पंजाबात वर्तुळाकार मैदानावरची कबड्डी आजही लोकप्रिय आहे. तीत बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नाही, म्हणून ती अमर प्रकाराच्या जवळची मानली जाते. परदेशस्थ पंजाबी समाजाचा पाठिंबा लाभल्यामुळे या प्रकाराची स्वतंत्र स्पर्धाव्यवस्था उभी राहिली आणि २०१० पासून त्याच्या विश्वचषक स्पर्धाही झाल्या. एका खेळाचा दुसरा प्रकार टिकवायचा असेल, तर त्याला स्वतःचे प्रेक्षक, बक्षिसे आणि नियम असावे लागतात, हे यावरून दिसते. गामिनीला अशी व्यवस्था लाभली नाही.

## नियमांतील तफावत : हांगझोऊ, २०२३

प्रमाण नियमावलीच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रचलित राहिल्यास काय होते, याचा प्रत्यय ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेच्या पुरुष अंतिम सामन्यात आला. भारत व इराण यांचे गुण २८–२८ असे समान असताना आणि खेळाचा थोडाच अवधी उरला असताना भारताचा पवन सेहरावत चढाईसाठी गेला. कोणालाही स्पर्श होण्यापूर्वीच तो राखीव क्षेत्रात उतरला आणि त्याला रोखण्यासाठी इराणचे बचावपटूही तेथे उतरले.

एका नियमानुसार चढाईपटूबरोबर त्याच्यामागे राखीव क्षेत्रात गेलेले बचावपटूही बाद ठरत होते. दुसऱ्या, नव्या नियमानुसार केवळ चढाईपटू बाद होत होता. दोन्ही संघांनी आपापल्या सोयीच्या नियमाचा आधार घेतला. पंचांचा निर्णय अनेकदा बदलला, खेळाडू मैदानावर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारताने तो ३३–२९ असा जिंकला. शतकापूर्वी दोन गावांत 'गडी मेला की नाही' यावरून जो वाद होई, त्याच जातीचा हा वाद होता. सुवर्णपदकाच्या सामन्यातही तो टळला नाही, कारण कोणती नियमावली लागू आहे याची सर्वांना सारखी कल्पना नव्हती.

## परिणाम आणि मर्यादा

प्रमाणीकरणामुळे कबड्डी तिच्या मूळ प्रदेशाबाहेर खेळली जाऊ लागली. लेखी नियम वाचून व तज्ज्ञ प्रशिक्षकांकडून शिकून इराण, दक्षिण कोरिया यांसारख्या देशांनी बलाढ्य संघ उभे केले. १९९० ते २०१४ या काळात आशियाई स्पर्धांत सलग सात सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाला २०१८ मध्ये जकार्ता येथे उपान्त्य फेरीत इराणने पराभूत केले. महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच जिंकला. नियम सर्वांना खुले झाले की खेळावर कोणा एकाची वडिलोपार्जित मालकी राहत नाही. हा पराभव प्रमाणीकरणाच्या यशाचाच पुरावा मानता येतो.

दुसऱ्या बाजूने काही गोष्टी हरवल्याही. गामिनीतील चिकाटी वेगळ्या जातीची होती. एकटा उरलेला गडी डाव तोलून धरीत असे आणि त्याला घड्याळाचा आधार नसे. दम राखण्याची कला, निरनिराळे शब्द व त्यांच्या लकबी, जागेप्रमाणे खेळ बेतण्याची गावकऱ्यांची हातोटी यांची पुरेशी नोंद होण्यापूर्वीच त्यांचा वापर कमी झाला. छापील नियमपुस्तिकेत विजयी प्रकारच जपला जातो. मागे पडलेल्या प्रकारांचे तपशील वृद्ध खेळाडूंच्या स्मरणावर राहतात.

तथापि प्रमाण नियम स्पर्धेपुरते असतात, खेळण्यापुरते नसतात. शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा कापणी झालेल्या खाचरात पाच जणांचा संघ करून, हवे ते नियम लावून खेळण्यास कोणतीही नियमावली आडवी येत नाही. प्रमाण कबड्डी आणि घरचा हुतूतू एकमेकांना पर्याय नाहीत. अनोळखी लोकांशी खेळण्यासाठी पहिली आवश्यक आहे. ओळखीच्यांशी खेळण्यासाठी दुसरा पुरेसा आहे. मागे पडलेल्या प्रकारांची ध्वनिमुद्रणे, चलच्चित्रे व लेखी वर्णने गावोगावच्या जुन्या खेळाडूंकडून वेळीच मिळवली, तर स्पर्धेची शिस्त न मोडताही या खेळाची विविधता जतन करता येईल.

## हेही पाहा

* हुतूतू
* खो-खो
* आट्यापाट्या
* बैलगाडा शर्यत
* प्रो कबड्डी लीग
* मावळ तालुका